तिच्या खोलीतले देव

न्हाणीघराचं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. अंगाला एक टॉवेल, केसांतून पाणी गळतंय, पाय ओले. समोर तिच्या स्वतःच्या खोलीत आम्ही दहा-बाराजण उभे. एकाच्या हातात घंटा, एकाच्या हातात झांजा, जावयांच्या हातात पेटलेल्या निरांजनाचं तबक. दोन काका तिच्या पलंगाला टेकून टाळ्या वाजवत होते. एक काकू तिचे कपडे मांडीखाली दाबून तिच्या खुर्चीत बसल्या होत्या. भिंतीतल्या कपाटाची दारं उघडी होती आणि आत देव होते. आम्ही देवांकडं बघत होतो. मग एकेक करून सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. तिनं एका हातानं टॉवेल गळ्याशी धरला, दुसऱ्या हातानं पाठीमागं दाराची मूठ चाचपडली, तशीच मागं सरकली आणि दार लावून घेतलं. आतलं बटण दाबल्याचा टक् असा आवाज आला.

आरती चालूच राहिली.

आरती मध्येच तोडायची नसते म्हणे. एक संपली, दुसरी सुरू झाली. एका काकांनी डोळे मिटले होते, त्यांना तर काही दिसलंच नव्हतं, त्यांनी वरचा सूर लावला. बाकीच्यांनी बघितलं होतं, तरी माना खाली घालून टाळ्या वाजवत राहिले. मुलीचे कपडे अलीकडं, मुलगी पलीकडं, ओलीच. मला वाटलं ही संपली की निघतील. तिसरी सुरू झाली. तेवढ्यात त्या बंद दारातून आवाज आला. मोठा नव्हता, पण मी दाराशीच होते.

"आजी, पुरे."

हा शब्द मी तिला शिकवला होता. माझी नात जेवताना पोट भरलं की म्हणते तो. न्हाणीघरातल्या मुलीला मराठीचे चार शब्द येत होते, त्यातला तिनं हा काढला.

मी पुढं झाले आणि जावयांच्या हातातलं तबक काढून घेतलं. "बाहेर व्हा सगळे," मी म्हटलं. "देव कुठं पळून जात नाहीत." घंटा थांबली. लोक एकमेकांकडं बघत निघाले. खुर्चीतल्या काकू जाता जाता दुसरीला म्हणाल्या, आजींचं बीपी वाढलेलं दिसतंय. त्यांच्या खालचे कपडे मी उचलले, न्हाणीघराचं दार वाजवलं, आणि फटीतून हात आत घालून दिले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी मुलगी दोन वर्षांनी कामावर परत जाणार होती. त्यासाठी ही मुलगी घरात ठेवली होती. आणि माझी मुलगी कामावर जाणार म्हणूनच ती पूजा घातली होती.

माझी मुलगी व्हर्जिनियात हर्नडनला राहते. औषधांच्या कंपनीत तपासणीच्या कामावर होती. मूल झाल्यावर घरी बसली. मधे एकदा पाळणाघर करून बघितलं, पण पोर दर आठवड्याला ताप घेऊन यायची. तिच्या साहेबानं दोनदा जागा राखून ठेवली आणि तिसऱ्यांदा ठेवणार नाही असं स्वच्छ सांगितलं. मी गेले तेव्हा ती दिवसभर स्वयंपाकाचा ओटा पुसत असायची. स्वच्छ ओटा पुन्हा पुसायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, आई. आणखी सहा महिने ती तशी राहिली असती तर दगड झिजला असता.

नातीला मी सांभाळलं असतं. पण माझा गुडघा गेलेला आहे आणि त्या घरात जिने आहेत. दोन वर्षांचं पोर जिन्यावरून धावतं, मी धावत नाही. शिवाय मला मुदत संपली की परत जावं लागतं. विहीणबाई त्याआधी येऊन राहून गेल्या होत्या. त्या आता नागपूर सोडू शकत नव्हत्या, व्याह्यांची तब्येत बरी नव्हती. म्हणून या दोघांनी ओ पेअर ठेवायची ठरवली. ओ पेअर म्हणजे दुसऱ्या देशातून वर्षभरासाठी येणारी मुलगी. ती घरात राहते, मूल सांभाळते, तिला खोली, जेवण आणि आठवड्याचे पैसे द्यायचे. एक संस्था त्या मुली आणते आणि त्यांचे नियमही घालून देते.

"मोलकरीण नाही हं, आई," मुलगी म्हणाली. "घरातल्याच माणसासारखी राहणार ती."

हे मला तिथंच खटकलं. माझी चौथी झाली तेव्हा मला तालुक्याच्या गावी आत्याकडं धाडलं होतं, पुढं शिकायला म्हणून. आत्याला तीन लहान पोरं होती. शाळा मला दिसली ती त्या पोरांना सोडायला जाताना. कुणी विचारलं तर आत्या म्हणायची, कामाला कसली, घरचीच मुलगी आहे. त्या घरच्या मुलीची झोपायची जागा स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या वाटेवर होती. ज्याला मोरीत जायचं तो मला ओलांडून जायचा. परकर बदलायचा तर एक पाय दाराला लावून बदलायचा, कारण दाराला कडी नव्हती. लग्न होईपर्यंत मी कपडे तसेच बदलले. घरचीच आहे म्हटलं की तिला दार कशाला, असं लोकांना वाटतं.

तर खोली. संस्थेचा नियम असा की मुलीला स्वतंत्र खोली पाहिजे, दार असलेली आणि खिडकी असलेली. घरात वर तीन खोल्या. एक नवरा-बायकोची, एक नातीची, तिथं मीही झोपायची, आणि एक पाहुण्यांची. पाहुण्यांच्या खोलीला जोडून न्हाणीघर होतं. ती तिला द्यायची ठरली. पण त्याच खोलीत, भिंतीतल्या कपड्यांच्या कपाटात, देव होते.

अमेरिकेत आपल्या पुष्कळ लोकांचे देव कपड्यांच्या कपाटात असतात. दारं लावली की कपाट, उघडली की देवघर. या घरात ते विहीणबाईंनी वास्तुशांतीच्या वेळी बसवले होते, ईशान्य कोपरा बघून. कुलदेवतेचे टाक त्यांनी स्वतः नागपूरहून आणले होते. त्यामुळं ते हलवायचे नाहीत असं ठरलेलं. मी म्हटलं, मग मुलीला दुसरीकडं ठेवा. तळघर होतं, पण त्याला खिडकी नाही. मग देव तळघरात? विहीणबाई फोनवर म्हणाल्या, देवांच्या डोक्यावरून सगळे चालणार का? मग या दोघांच्या खोलीत? नवरा-बायको झोपतात तिथं देव कसे चालतील? परक्या मुलीच्या पलंगाशेजारी मात्र चालत होते.

मी एक साधी गोष्ट सांगितली. वरचा ईशान्य कोपरा तोच खालच्या बैठकीचाही ईशान्य कोपरा. घर काही जिन्यात वळलेलं नाही. देव तिथून सरळ खाली आणा. त्या कोपऱ्यात टीव्ही होता, दाराएवढा. जावई हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते.

"आई, त्याच्या वायरी भिंतीतून गेल्यात," ते म्हणाले.

तो विषय तिथं संपला. संस्थेची बाई खोली बघायला आली तेव्हा तिनं खिडकी उघडून बघितली, पलंग दाबून बघितला, छान आहे म्हणाली. कपाटाची दारं लावलेली होती. ती उघडून दाखवायचं कुणाला सुचलं नाही. आणि दाराला कुलूप नव्हतं. नात एकदा आतून खोलीत अडकली होती, तेव्हा जावयांनी वरच्या सगळ्या खोल्यांच्या मुठी बदलून बिनकुलपाच्या बसवल्या होत्या. न्हाणीघराचं बटण तेवढं राहिलं होतं.

मुलगी आली ती कोलंबियाची, पोर रुळावी म्हणून दोन-तीन महिने आधीच. बावीस वर्षांची, उंच, घरभर केस सांडणारी. फोनवर मोठ्यानं बोलायची, ओले टॉवेल कुठंही टाकायची. पण नातीला तिनं पहिल्या आठवड्यात आपलंसं केलं. जमिनीवर पालथी पडून तिच्याशी खेळायची. नात तिच्या हातून डाळभात खायला लागली, आईच्या हातून खात नव्हती तोही. माझी मुलगी कामाचे जुने कपडे काढून इस्त्री करायला लागली आणि ओटा पुसायची थांबली. हे मी बघितलं, म्हणून या मुलीची किंमत मला कुणी सांगायला नको.

जावई रोज सकाळी अंघोळ करून पूजेला जायचे. म्हणजे तिच्या खोलीत. त्यांचं दार वाजवणं आणि आत शिरणं एकदमच व्हायचं. पहिल्या दिवशी ती झोपलेली होती. यू स्लीप, यू स्लीप, असं म्हणत त्यांनी कपाट उघडलं. जावई माणूस वाईट नाही. आत जाताना ते नजर खाली ठेवायचे, आणि नजर खाली ठेवली की झालं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पूजेत घाई चालत नाही, त्यामुळं बराच वेळ लागायचा. मुलगी मग त्यांच्या आधीच उठून, पांघरूण गुंडाळून खाली स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली. बाहेर बर्फ. मी चहा करायची. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. तिथं मी तिला पाणी, झोप, पुरे असे शब्द शिकवले. संध्याकाळी माझी मुलगी दिवा लावायला जायची. खोलीत अंडं-चिकन खायचं नाही असंही तिला सांगितलेलं होतं. तिनं ऐकलं. ती सगळंच ऐकत होती.

मग एक दिवस विहीणबाईंनी व्हिडिओवर विचारलं की ती पोरगी त्या दिवसांत काय करते. कोण पोरगी, कुठले दिवस, हे कळायला जावयांना जरा वेळ लागला. कळल्यावर ते उठून गाडी पुसायला गेले. राहिली माझी मुलगी. विज्ञान शिकलेली, औषधं तपासणारी. तिनं त्या मुलीला विचारलं. मी शेजारी बसून घेवडा निवडत होते. त्या मुलीला वाटलं डॉक्टरकडं न्यायचं असेल, तिनं सरळ तारीख सांगितली. ठरलं असं की त्या दिवसांत तिनं दाराच्या मुठीला लाल रिबीन बांधायची, म्हणजे कुणी आत जाणार नाही.

"तू स्वतः पाळतेस का?" मी मुलीला नंतर विचारलं.

"नाही गं. पण सासूबाईंना वाईट वाटतं."

"सासूबाई नागपुरात आहेत."

त्यावर तिनं डोळे फिरवले, लहानपणी फिरवायची तसे, आणि इस्त्री करत राहिली.

पण ती परदेशातली पोर हुशार निघाली. तिच्या लक्षात आलं की रिबीन बांधली की चार-पाच दिवस सकाळी कुणी येत नाही, संध्याकाळी दिवाही नाही. मग रिबीन पुढच्या वेळी लवकर लागली आणि उशिरा सुटली. नंतर नंतर ती सुटलेली दिसण्यापेक्षा बांधलेलीच जास्त दिसायची. जावई देवांना जिन्यातूनच नमस्कार करायला लागले. एकदा त्यांनी हळूच सुचवलं की तिला डॉक्टरला दाखवावं का. माझ्या मुलीनं माझ्याकडं बघितलं, मी घेवड्याकडं. विटाळाचा कुणाला फायदा झालेला मी उभ्या जन्मात बघितला तो हा एवढाच.

एवढ्यात पूजेचा रविवार आला. कोलंबियाच्या मुलीचा तो सुट्टीचा वार. ती सकाळी पळायला गेली, परत आली, आणि मला खुणेनं सांगितलं की अंघोळ करून पडणार आहे. रिबीन आदल्या आठवड्यापासून होती. खाली बैठकीत सत्यनारायण मांडला होता. कुठं? ईशान्य कोपऱ्यात. टीव्हीवर चादर टाकली होती आणि त्याच्यासमोर चौरंग. म्हणजे सत्यनारायणाला ती जागा चालत होती. पूजा सांगायला एक निवृत्त डॉक्टर काका आले होते, ते हौसेनं सांगतात. पूजा झाल्यावर ते म्हणाले, आता घरच्या देवांनाही ओवाळून येऊ. सगळे उठले.

मी स्वयंपाकघरात शिरा वाट्यांत भरत होते. तिथून जिना दिसतो. वर दाराशी रिबीन दिसली तशी मंडळी थांबली. जिन्यावर रांग लागली आणि तबक हातात धरून हिशेब सुरू झाला. गुरुवारी मी बघितली होती, जावई म्हणाले. एक काका म्हणाले, त्याआधीही असेल. म्हणजे पाचवा दिवस उलटला, पाचव्या दिवशी चालतं. दुसरे म्हणाले, आणि नसला उलटला तरी गंगाजल आहे की. हे शिकलेले, केस पिकलेले पुरुष, एका परक्या पोरीचे दिवस जिन्यात उभं राहून बोटांवर मोजत होते. माझी मुलगी फुलांचं ताट घेऊन दोन पायऱ्या खाली उभी होती. ती ताटातली फुलं सारखी करत होती. जावयांनी रिबीन सोडून झब्ब्याच्या खिशात घातली आणि मूठ फिरवली. दार कुणी वाजवलं नाही. आत माणूस असेल का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तिचे पळायचे बूट खाली दाराशी होते. आम्ही सगळ्यांनी आमच्या चपला त्यांच्यावरच काढल्या होत्या.

ती घरात आहे, असं मी खालून ओरडून सांगितलं. तोवर घंटा सुरू झाली होती. मी जिना चढले. माझ्या गुडघ्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मी खोलीत पोचले आणि तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं.

बाकीचं वर सांगितलंच आहे.

जेवणं रद्द झाली नाहीत. लोकांना खाली जाऊन बसायला जरा अवघड झालं, पण पुऱ्या गरम होत्या. कुणीतरी मठ्ठ्याचं कौतुक केलं. माझी मुलगी प्रसादाची वाटी घेऊन वर गेली, दार वाजवलं आणि थांबली. त्या दारापाशी थांबलेलं मी कुणाला पहिल्यांदाच बघत होते. दार उघडलं नाही. ती वाटी घेऊन परत आली आणि जिन्यातच बसून रडायला लागली. उद्याचं काय, आई, एवढंच म्हणत होती. मी तिला म्हटलं, आधी सॉरी म्हण, शिरा नंतर. आपल्यात चूक झाली की खायला घालतात. त्या मुलीला भूक लागलेली नव्हती.

पाहुणे गेल्यावर जावई माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा उतरलेला. ते म्हणाले, मुद्दाम कुणी केलं नाही. ते मलाही माहीत होतं. मग म्हणाले, "आई, आम्ही तिला घरचीच मानतो. घरात कोण कुणाचं दार वाजवतं?"

"बरं," मी म्हटलं. "मग उद्या तुम्ही अंघोळ करून टॉवेलवर बाहेर या, जावईबापू. मी भजनाच्या बायका घेऊन तुमच्या खोलीत उभी राहते."

ते उठून गॅरेजमध्ये गेले.

मी वर गेले. दार वाजवलं, थांबले. तिनं उघडलं. पलंगावर बॅग भरलेली होती. संस्थेच्या बाईला तिनं फोन केला होता, ती संध्याकाळी येणार होती. मी तिला कपाट दाखवून, हे खाली नेऊ का, असं खुणेनं विचारलं, तिनं मान डोलावली. मग मी पदर पसरला आणि देव एकेक करून त्यात ठेवले. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा. जावयाच्या कुलदेवतेला सासूनं हात लावलेला आमच्याकडं कुणी ऐकलेला नाही. मी जिना उतरले, एक हात कठड्याला, एक हात पदराला, शेंगा घेऊन उतरावं तशी. खाली चौरंग होताच. त्यावर सगळे मांडले. मग जावयांना गॅरेजमधून बोलावलं आणि म्हटलं, मागचा टीव्ही काढा, नाहीतर देवांच्या पाठीशी क्रिकेट बघा. त्यांनी भावासारखा एक मित्र बोलावला आणि दोघांनी मिळून टीव्ही तळघरात नेला. वायरी भिंतीतून निघाल्या. फार वेळ लागला नाही.

विहीणबाईंना हे कळायला तेवढाही वेळ लागला नाही. त्या फोनवर रडत होत्या. "तुम्ही आमच्या देवांना हात लावलात?"

"लावला," मी म्हटलं. "आज त्यांच्यासमोर एका पोरीची अब्रू गेली तेव्हा तुमच्यापैकी कुणाचा हात पुढं आला नाही."

त्यांनी फोन ठेवला. वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला काही अडचण झाली नाही.

संध्याकाळी संस्थेची बाई आली. जावयांनी तिला वर नेऊन रिकामं कपाट दाखवलं, दुरुस्ती झालेली दाखवतात तसं. माझ्या मुलीनं त्या मुलीची माफी मागितली, नीट मागितली, हात धरून. दाराला कुलूप बसवू म्हणाली. मग बाईनं त्या मुलीला विचारलं, आता राहतेस का? माझी मुलगी त्या मुलीच्या तोंडाकडं बघत होती. तिचा सगळा सोमवार त्या तोंडात होता.

ती नाही म्हणाली. तुम्ही देव हलवलेत, पण मी जाते म्हटल्यावर हलवलेत, असं म्हणाली. तिचं आणि माझं, दोघींचं इंग्रजी मोडकं, म्हणून मला ते नीट कळलं. आणि ते खरंच होतं.

निघताना नात तिच्या पायाला चिकटून रडली. मला त्या मुलीनं मिठी मारली. मला मिठ्या आवडत नाहीत, मी उभी राहिले. तिचे बूट मी चपलांखालून काढून ठेवले होते, ते तिनं घातले आणि गाडीत बसली. पुढं तिला त्याच भागात दुसरं घर मिळालं, एवढं कळलं.

सोमवारी मुलगी सकाळी उठून म्हणाली, मी फोन करून सांगते, जमणार नाही. मी तिच्या हातातला फोन काढून घेतला. डबा भरलेला होता. साहेबानं तिसऱ्यांदा जागा ठेवली नसती, आणि ओटा पुसणारी ती बाई मला पुन्हा बघायची नव्हती. जावयांना मी सांगितलं की देवांना रोज सकाळी वेळ मिळत होता, आता काही दिवस पोरीला द्या, देव समजून घेतील. ते चिडले, पण त्यांनी ऑफिसात बोलून सकाळी घरून काम घेतलं. दुपारनंतर मी. जिन्याला फळ्या लावून घेतल्या. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. माझी परत जायची तारीख आली तोवर दुसरी मुलगी आली. तिच्या दाराला कुलूप आहे आणि कपाटात तिचे कपडे आहेत. माझी मुलगी अजून त्या नोकरीवर आहे.

मी निघायच्या आधी कुणाकडं तरी सगळ्यांनी एकेक पदार्थ आणून जेवण होतं. तिथं त्या खुर्चीतल्या काकू माझ्याशेजारी येऊन बसल्या. पुलावाची ताटली मांडीवर घेऊन म्हणाल्या, "काय प्रसंग आला हो तुमच्यावर, आणि तोही ऐन पूजेच्या दिवशी." तोवर सगळे ही गोष्ट अशीच सांगायला लागले होते. विहीणबाई नागपुरात, जावई ऑफिसात, एकदा तर माझी मुलगीसुद्धा. आमच्यावर प्रसंग आला.

"आमच्यावर काही आला नाही," मी म्हटलं. "आपण सगळे कपडे घालून उभे होतो. आला तो त्या मुलीवर."